चेंडू गमावण्याची किंमत

अमेरिकन फुटबॉलचा कुठलाही सामना लावा. पहिल्या दहा मिनिटांत समालोचक एक वाक्य टाकणारच : जो संघ टर्नओव्हरची लढाई जिंकतो, तो सामना जिंकतो. मध्यंतराला हेच वाक्य आकड्यांच्या पट्टीसकट येतं आणि सामना संपल्यावर हरलेला प्रशिक्षक पत्रकारांसमोर तेच पुन्हा म्हणतो. गेली दहा वर्षं मी हे ऐकतोय. माझं मत असं, की हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग संघाचं नुकसान करतो. पलटणीचंही करतो, पण त्याकडे नंतर येऊ.

आधी खेळ थोडक्यात सांगतो, कारण आमच्या मेसमध्ये अजूनही निम्म्या लोकांना ते रग्बीच वाटतं. (सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो. पीटीच्या शिट्टीआधी पहिला क्वार्टर तेवढा पाहून होतो, पुढचं संध्याकाळी. दिवसभर कुणी निकाल सांगू नये म्हणून जी धडपड करावी लागते ती वेगळीच.) मैदान शंभर यार्डांचं. प्रत्येक बाजूला अकरा जण. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार संधी. तीन संधींत जमलं नाही, तर चौथ्या वेळी बहुतेक संघ चेंडू लाथेने लांब भिरकावून समोरच्याला देऊन टाकतात. त्याला पंट म्हणतात. कबड्डीत चढाईचा जसा पाळीचा हिशोब असतो, तसा इथे चेंडूच्या ताब्याचा असतो. माणसं धडका देत असली तरी मुळात हा जमीन मिळवण्याचा खेळ आहे, त्यामुळे फौजी माणसाला तो पटकन कळतो.

या रीतीबाहेर चेंडू हातचा गेला तर तो टर्नओव्हर. तो दोन प्रकारे होतो. क्वार्टरबॅकने फेकलेला पास विरोधकाने हवेतच पकडला तर इंटरसेप्शन. हातातला चेंडू निसटून जमिनीवर पडला आणि विरोधकाने उचलला तर फंबल गमावलं. आता एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चौथ्या संधीला धाडस करून दहा यार्ड पूर्ण झाले नाहीत, तरीही चेंडू जातो. पण टर्नओव्हरच्या अधिकृत रकान्यात तो मोजला जात नाही. आणि पंट करून चेंडू स्वतःहून देऊन टाकला, तर त्याला कुणी गमावणं म्हणतच नाही.

टर्नओव्हर महत्त्वाचे आहेत हे आधी मान्य करून टाकतो. ज्या सामन्यात एका संघाने दुसऱ्यापेक्षा कमी टर्नओव्हर केले, तो सामना त्या संघाने जिंकण्याचं प्रमाण साधारण चारात तीन किंवा थोडं वरच आहे. फरक दोनचा, तीनचा झाला की हरणारा अपवादानेच वाचतो. जानेवारी १९९३ च्या सुपर बोलमध्ये बफेलो बिल्सनी तब्बल ९ वेळा चेंडू गमावला आणि डॅलस काउबॉइजनी त्यांना ५२-१७ असं धुतलं. नऊ वेळा चेंडू देऊन जिंकायचं म्हणजे दारूगोळा शत्रूच्या ट्रकमध्ये भरून देऊन टेकडी घ्यायची.

किमतीचाही हिशोब झालेला आहे. त्याची सुरुवात करणाऱ्यांतला एक जण स्वतः खेळाडू होता. सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर याने प्राध्यापक रॉबर्ट मॅकॉल यांच्यासोबत १९७१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला : मैदानावर अमुक जागी चेंडू तुमच्या हाती असेल, तर त्या जागेची सरासरी किंमत किती गुण? निबंध छापला ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात. ही विद्याशाखा दुसऱ्या महायुद्धात, पाणबुड्या आणि विमानविरोधी तोफांचे हिशोब करताना मोठी झाली. त्यातले एक मोठे नाव पॅट्रिक ब्लॅकेट पुढे आपल्या सरकारलाही संरक्षण संशोधनाबद्दल सल्ला द्यायला आले होते. म्हणजे हा हिशोब आपल्या घरातलाच म्हणायचा. नंतर १९८८ च्या ‘द हिडन गेम ऑफ फुटबॉल’ या पुस्तकाने क्वार्टरबॅकच्या खात्यातून प्रत्येक इंटरसेप्शनमागे ४५ यार्ड वजा करायची पद्धत रूढ केली. ४५ यार्ड म्हणजे जवळपास अर्धं मैदान. टर्नओव्हर स्वस्त नाही, हे नक्की.

आणखी एक दाखला, जो मला सगळ्यात बोलका वाटतो. टँपा बे बकनिअर्सच्या जेमिस विन्स्टनने २०१९ च्या हंगामात ५,१०९ यार्डांचे पास फेकले, ३३ टचडाउन दिले आणि ३० इंटरसेप्शन. त्यातले सात तर विरोधकांनी थेट टचडाउनपर्यंत पळवत नेले. संघ ७ जिंकला, ९ हरला. पुढच्या वर्षी तोच प्रशिक्षक ब्रूस एरियन्स, बरेचसे तेच गडी, पण क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. इंटरसेप्शन १२. सामने ११ जिंकले, ५ हरले आणि शेवटी सुपर बोल घरी नेला. अक्षरशः घरी, कारण तो सामना टँपातच होता.

इथवर समालोचक बरोबर आहे. आता दुसरी बाजू.

जानेवारी १९७१ चा सुपर बोल. बाल्टिमोर कोल्ट्स विरुद्ध डॅलस. दोघांनी मिळून ११ टर्नओव्हर केले. त्यातले सात कोल्ट्सचे. जिंकलं कोण? कोल्ट्स, १६-१३. सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला तो डॅलसच्या चक हाउलीला, म्हणजे हरलेल्या संघातल्या गड्याला. १९८३ चा वॉशिंग्टन संघ घ्या. हंगामभरात विरोधकांकडून ६१ वेळा चेंडू काढून घेतला, स्वतः फक्त १८ वेळा गमावला. फरक अधिक ४३. असा फरक कुणीच कधी गाठलेला नाही. त्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये रेडर्सनी त्यांना ३८-९ हरवलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स अटलांटाविरुद्ध ३-२८ असे मागे होते. त्या सामन्यात पेट्रियट्सनी दोनदा चेंडू गमावला, अटलांटाने एकदा. अतिरिक्त वेळेत पेट्रियट्स ३४-२८ जिंकले. रकाना पाहिला तर हरायला हवे होते ते.

तुम्ही म्हणाल, हे निवडून काढलेले अपवाद आहेत. आहेतच. पण माझा मुद्दा अपवादांचा नाही. चारात तीनच्या आकड्यातसुद्धा एक गोष्ट लपलेली आहे : संघ टर्नओव्हरमुळे हरतो, तसाच हरत असल्यामुळे टर्नओव्हर करतो.

हे क्रिकेटमधून चटकन कळेल. २० षटकांच्या सामन्यात मोठ्या धावसंख्येचा पाठलाग करणाऱ्या संघाच्या शेवटच्या चार विकेट झटपट पडतात. दुसऱ्या दिवशी कुणी तक्ता करून सांगितलं, की जास्त विकेट गमावणारे संघ हरतात, म्हणून विकेट जपा, तर आपण हसू. त्या विकेट पडल्या कारण षटकामागे पंधरा धावा हव्या होत्या. सामना आधीच हातातून चालला होता. २०१९ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात मँचेस्टरला गप्टिलच्या थेट फेकीवर धोनी धावचीत झाला, ते दृश्य आपल्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. पण भारताची पहिली तीन माणसं ५ धावांत परतली होती. सामना कुठे अवघड झाला आणि आपल्याला काय आठवतं, या दोन गोष्टी नेहमी एका ठिकाणी नसतात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हे फार ठळक दिसतं. मागे पडलेल्या संघाला घड्याळ नडतं. धावून चेंडू नेला तर वेळ जातो, म्हणून तो पास फेकतो. विरोधकालाही ते माहीत असतं. तो मागे सरकून पासची वाट बघत उभा राहतो. मग इंटरसेप्शन होणारच. शेवटच्या मिनिटात पन्नास यार्ड लांब भिरकावलेला चेंडू गोललाइनजवळच्या गर्दीत विरोधकाच्या हाती गेला, तर रकान्यात एक टर्नओव्हर वाढतो. त्याने सामन्यात काय बदललं? काहीही नाही. पुढे असलेला संघ मात्र निवांत चेंडू पोटाशी धरून पळतो, त्याचा रकाना स्वच्छ राहतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शिस्तीचं कौतुक छापून येतं.

युद्धेतिहासात हीच गल्लत दिसते. माघार घेणारं सैन्य तोफा आणि गाड्या मागे सोडतं. जिंकणाऱ्याच्या फोटोत त्या रांगेने उभ्या दिसतात. तोफा गेल्या म्हणून लढाई गेली की लढाई गेली म्हणून तोफा गेल्या, हे फोटो सांगत नाही.

यापुढचा भाग नशिबाचा. चेंडूचा आकार पाहिला आहे का? दोन्ही टोकांना निमुळता, साधारण ११ इंच लांब. तो जमिनीवर पडला की कुठे उडेल हे कुणालाच सांगता येत नाही. आकडेवाल्या मंडळींनी वर्षानुवर्षं तपासून काढलेला निष्कर्ष असा, की चेंडू विरोधकाच्या हातून पाडणं हे बरंचसं कौशल्य आहे. पण पाडलेला चेंडू कुणाला मिळतो हे जवळपास नाणेफेकीसारखं आहे. चालू हंगामात ज्यांना पडलेले चेंडू सारखे मिळाले, त्यांना ते पुढच्या हंगामात मिळतीलच असं नाही. म्हणून एखाद्या संघाचा टर्नओव्हरचा फरक एका वर्षातून दुसऱ्या वर्षात टिकत नाही. कॅन्सस सिटी चीफ्सचा फरक २०१२ मध्ये उणे २४ होता. सामने २ जिंकले, १४ हरले. २०१३ मध्ये तोच फरक अधिक १८ आणि ११ विजय. नवा प्रशिक्षक अँडी रीड आणि नवा क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ आले होते, त्याचं श्रेय आहेच. तरी एका वर्षात ४२ ची उडी सगळी शिस्तीची, हे मला पटत नाही. आणि त्याच चीफ्सनी त्या हंगामाच्या बाद फेरीत ३८-१० ची आघाडी असताना, समोरच्या अँड्र्यू लकचे तीन पास पकडलेले असताना, सामना ४४-४५ असा घालवला.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सची गोष्ट तर कथेत शोभावी अशी. २०११ च्या पूर्ण हंगामात, सोळा सामन्यांत, त्यांनी फक्त १० वेळा चेंडू गमावला. फरक अधिक २८. लीगमध्ये चेंडू त्यांच्याइतका कुणी जपत नव्हतं. मग जानेवारी २०१२ चा उपांत्य सामना, पावसाने भिजलेलं मैदान, समोर न्यूयॉर्क जायंट्स. काइल विल्यम्स नावाचा तरुण गडी जखमी खेळाडूच्या जागी पंट झेलायला उभा होता. एक चेंडू त्याच्या गुडघ्याला चाटून गेला, दुसरा अतिरिक्त वेळेत हातून निसटला. सामना १७-२० गेला. त्या पोराला नंतर ठार मारण्याच्या धमक्या आल्या. सोळा सामने बदाबदा फायद्यात असलेला रकाना एका ओल्या संध्याकाळी उलटला, आणि लोकांना कारण म्हणून एक माणूस मिळाला.

माझ्या लेखी म्हणूनच टर्नओव्हर ही एक गोष्ट नाही. एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी बसवल्या आहेत : हलगर्जीपणा, दुर्दैव, आणि जाणूनबुजून घेतलेल्या जोखमीची किंमत.

हलगर्जीपणाला माफी नको. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या जेलन हर्ट्सच्या हातून कुणी हात न लावता चेंडू सुटला. निक बोल्टनने तो उचलून ३६ यार्ड पळवत टचडाउन केला. तो फिलाडेल्फियाचा त्या सामन्यातला एकमेव टर्नओव्हर, आणि सामना तीन गुणांनी गेला, ३५-३८. हर्ट्स एरवी अप्रतिम खेळला, स्वतः तीन टचडाउन पळाला. पण चेंडू बगलेत घट्ट धरायची सवय ही रायफलच्या सेफ्टी कॅचसारखी असते. फायरिंग रेंजवर मी शून्य चूकवालाच आहे, आणि कायम राहीन. तिथे धाडसाचा प्रश्नच नसतो.

हलगर्जीपणा कधी गड्याचा नसतो, रीतीचा असतो. १९ नोव्हेंबर १९७८. जायंट्स १७-१२ पुढे, चेंडू त्यांच्याच हाती, अर्ध्या मिनिटाच्या आसपास खेळ उरलेला, आणि ईगल्सकडे घड्याळ थांबवायचा एकही टाइमआउट नाही. क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन गुडघा टेकला असता तरी सामना संपला असता. वरून हुकूम आला धावण्याचा. चेंडू हातात देताना सुटला, ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने उचलला आणि २६ यार्ड पळाला. ईगल्स १९-१७. दुसऱ्या दिवशी जायंट्सच्या त्या सहायक प्रशिक्षकाला काढून टाकलं. पण खरा बदल वेगळाच झाला : त्यानंतर सामना संपवताना गुडघा टेकायची एक पक्की मांडणी सगळ्या संघांनी बसवली, मागे एक जण नुसता सावधगिरीला उभा. आज ती सगळीकडे दिसते. चुकीतून ड्रिल निर्माण होणं म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

तिसरा प्रकार, जोखमीची किंमत, हा सगळ्यात कमी समजून घेतला जातो. पेटन मॅनिंग १९९८ मध्ये नवखा म्हणून आला आणि त्याने २८ इंटरसेप्शन दिले. नवख्या क्वार्टरबॅकच्या नावावरचा हा विक्रम आहे. कोल्ट्स ३ जिंकले, १३ हरले. रकानाच पाहायचा तर त्याला बाकावर बसवायला हवा होता. त्यांनी तसं केलं नाही. त्याला सगळे सामने खेळू दिले, अवघड पास फेकू दिले. पुढच्याच हंगामात आकडे उलटले : १३ विजय, ३ पराभव. ब्रेट फाव्हरने कारकिर्दीत ३३६ इंटरसेप्शन दिले, इतके कुणीच दिलेले नाहीत. त्याच माणसाला तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं आणि त्याच्याकडे सुपर बोलची अंगठीही आहे. जॉर्ज ब्लँडाने १९६२ मध्ये १४ सामन्यांत ४२ इंटरसेप्शन दिले. त्याचा ह्यूस्टन ऑइलर्स संघ ११ सामने जिंकून अंतिम फेरीत पोचला. (तिथे मात्र त्याचे आणखी पाच पास पकडले गेले आणि दुसऱ्या अतिरिक्त पाळीत ते हरले, हे न सांगणं लबाडी होईल.)

जागेचाही फरक आहे. स्वतःच्या दहा यार्डांवर दिलेलं इंटरसेप्शन म्हणजे तटाचा दरवाजा उघडा टाकणं. तिसऱ्या संधीला चाळीस-पन्नास यार्ड लांब फेकलेला पास तिकडे पकडला गेला, तर तो पंट केल्यासारखाच. रकान्यात दोन्ही एक-एक.

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये ‘युद्ध अभ्यास’साठी आमची तुकडी वॉशिंग्टन राज्यातल्या लुईस-मॅकॉर्ड तळावर गेली होती. सिएटल तिथून जवळच, त्यामुळे तळावर सीहॉक्सचे भक्त जागोजागी. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा संघ सुपर बोल हरला होता आणि ती जखम ओलीच होती. एका अमेरिकन सार्जंटने जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या मांडून मला तो शेवटचा डाव दाखवला. २४-२८ मागे, २६ सेकंद शिल्लक, गोललाइन एक यार्डावर. सगळ्या जगाला वाटलं की मार्शॉन लिंच चेंडू घेऊन घुसणार. प्रशिक्षक पीट कॅरल यांनी पास बोलावला. न्यू इंग्लंडचा माल्कम बटलर, ज्याला खेळाडूंच्या निवडीत कुणी घेतलंच नव्हतं असा नवखा पोरगा, मध्ये घुसला आणि त्याने चेंडू पकडला. सार्जंटच्या मते तो सुपर बोलच्या इतिहासातला सगळ्यात मूर्ख निर्णय.

मी परत आल्यावर त्या डावाबद्दल मिळेल ते वाचलं. सिएटलकडे एकच टाइमआउट उरला होता. धावून अडले असते तर तो खर्ची पडून पुढच्या संधीचा प्रकार प्रतिस्पर्ध्याला आधीच कळला असता. पास चुकून जमिनीवर पडला असता तर घड्याळ आपोआप थांबलं असतं. त्या हंगामात एक यार्डाच्या रेषेवरून लीगमध्ये शंभराहून जास्त पास फेकले गेले होते आणि या पासपर्यंत त्यातला एकही पकडला गेला नव्हता. निर्णय वाईट नव्हता. निकाल भयंकर होता. आणि गंमत बघा : त्या सामन्यात टर्नओव्हरची लढाई सिएटलनेच जिंकली होती. ब्रेडीचे दोन पास पकडले गेले होते, सिएटलचा हा एकच. म्हणजे रकान्यावर विश्वास ठेवणाऱ्याने सिएटलला शाबासकी द्यायची, आणि स्मरणावर विश्वास ठेवणाऱ्याने कॅरलना फाशी. तो सार्जंट आजही माझ्याशी सहमत होणार नाही, याची मला खात्री आहे.

आता पलटणीकडे. टर्नओव्हरची भीती संघात घट्ट बसली की प्रशिक्षक काय करतो? चौथ्या संधीला एक यार्ड हवा असतानाही पंट करतो. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ च्या निबंधात दाखवलं, की व्यावसायिक संघ चौथ्या संधीला गरजेपेक्षा फार जास्त वेळा चेंडू लाथाडून देतात. कारण सरळ आहे. धाडस फसलं तर प्रशिक्षकाचं नाव मथळ्यात येतं. पंट करून सावकाश हरलात, तर ते प्रतिस्पर्ध्याचं कौशल्य ठरतं. न घेतलेल्या संधीला रकाना नसतो.

हे वाचून मला आपली सॅंड मॉडेल चर्चा आठवली नाही तरच नवल. कॅप्टन हुद्द्याचा एखादा पोरगा उठतो, नाल्यातून वळसा घालून मागून चढायची योजना मांडतो. पहिला प्रश्न येतो, ‘फसलं तर?’ तो प्रश्न योग्यच आहे, विचारलाच पाहिजे. पण पुढचा प्रश्न, ‘आणि समोरून गेलो तर किती जण पडतील?’ हा क्वचित येतो. दोन-तीन वर्षांत तो पोरगा शहाणा होतो. समोरून जायची योजना मांडतो, सगळे मान डोलावतात, एसीआर छान येतो. झिरो एरर सिंड्रोम हा शब्द आपल्याकडे आता सेवानिवृत्त सेनाधिकारीही उघडपणे वापरतात, तेव्हा मी काही घरचं भांडण बाहेर काढत नाहीये. वाचकांतल्या ज्येष्ठ मंडळींनी हे माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. रेंजवरची, दारूगोळ्याची, हिशोबाच्या वहीची शून्य-चूक शिस्त आपण जशीच्या तशी उचलून डावपेचांवर लावतो, आणि मग असे अधिकारी तयार होतात ज्यांच्या हातून चेंडू कधी सुटत नाही, कारण ते तिसऱ्याच संधीला पंटची तयारी करतात.

फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये ईगल्स ३२-३३ मागे होते, सहा मिनिटांहून कमी वेळ उरला होता, स्वतःच्या ४५ यार्डांवर चौथी संधी, एक यार्ड हवा. पंट केला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. प्रशिक्षक डग पीडरसन यांनी पास खेळवला, दोन यार्ड मिळाले, पुढे टचडाउन झाला आणि सामना ४१-३३ जिंकला. त्याच सामन्यात त्यांच्या निक फोल्सचा एक पास स्वतःच्याच गड्याच्या हातांवरून उडून विरोधकाकडे गेला होता. टर्नओव्हर दोघांचा एकेक, बरोबरी. पीडरसन यांनी त्या एका उडालेल्या चेंडूवरून फोल्सला पास फेकणं बंद करायला सांगितलं नाही.

आमच्या पलटणीत मी सरावानंतरच्या डिब्रीफचा तक्ता यंदा बदलला. पूर्वी पहिला रकाना होता ‘निकाल’. आता तो शेवटी गेला. पहिला रकाना : त्या क्षणी काय माहीत होतं. दुसरा : आणखी कोणते मार्ग होते. तिसरा : हलगर्जीपणा, दुर्दैव की जोखीम, आणि का. पहिल्या दोन सरावांत सगळ्यांनी सगळंच ‘दुर्दैव’ लिहिलं. ते अपेक्षितच होतं. तिसऱ्या सरावात एका लेफ्टनंटने ‘जोखीम’ लिहून खाली पाच ओळींत कारण दिलं. मला ते पटलं नाही, पण आम्ही त्यावर पाऊण तास बोललो. सुभेदार मेजर साहेबांचा आक्षेप एवढाच, की रकाने वाढले आणि कागद तेवढाच राहिला. पुढच्या खेपेपासून तक्ता आडवा छापणार आहोत.